दरबार नको, कलावंत खाते हवे

हिवाळ्याची चाहूल लागली, की राजवाड्यांतील सायंकालीन मैफलींच्या जाहिराती झळकू लागतात. कधी बडोद्याचा लक्ष्मीविलास, कधी म्हैसूरचा अंबाविलास, कधी राजस्थानातील एखादा किल्ला; झुंबरांचे आणि कमानींचे छायाचित्र सर्वांत वर, गवयाचे नाव त्याखाली आणि तिकिटाचा दर तळाशी, बारीक अक्षरांत. या मांडणीतच आजच्या रसिकतेचा प्राधान्यक्रम उघड होतो, असे म्हटले तर काही मंडळींना राग येईल. परंतु ज्या वास्तूंच्या आश्रयाने आपल्या अभिजात संगीताची दोनतीन पिढ्यांची गुजराण झाली, त्या वास्तूंचा गौरव करताना त्यांतील दगडविटांची स्तुती करावी आणि त्या दगडविटांमागे उभ्या असलेल्या व्यवस्थेचा उल्लेखही करू नये, ही गोष्ट मला तरी विचार करण्याजोगी वाटते.

राजवाड्यातील मैफल मला आवडते, हे आरंभीच सांगून टाकतो. लक्ष्मीविलास राजवाड्याच्या दरबार हॉलमध्ये एका हिवाळ्यात ऐकलेले गाणे अजून कानांत आहे. हा वाडा सयाजीराव गायकवाडांनी बांधविला. 1878 साली काम सुरू झाले आणि 1890 साली ते पुरे झाले. आराखडा मेजर चार्ल्स मँट या इंग्रज वास्तुकाराचा. कोल्हापूरचा नवा राजवाडाही त्याच्याच हातचा; त्यामुळे कोल्हापुरात वाढलेल्या माणसाला बडोद्याची शिल्पभाषा पहिल्या दृष्टिक्षेपातच ओळखीची वाटते. आपण काढलेले आराखडे चुकले असून या भव्य इमारती कोसळणार, या धास्तीने मँटचे चित्त भ्रमले आणि त्यातच 1881 साली त्याचा अंत झाला, असे सांगतात. पुढचे काम रॉबर्ट चिझम याने तडीस नेले. मँटच्या आयुष्याचा शेवट ज्या भीतीने झाला ती निराधार होती, याची साक्ष दोन्ही वाडे आजवर देत उभे आहेत.

दरबार हॉलच्या फरसबंदीवर व्हेनिसच्या पद्धतीचे मोझेक आहे, खिडक्यांना बेल्जियमहून आणलेल्या रंगीत काचा आहेत, आणि वरच्या अंगाला कोरीव लाकडी सज्जे आहेत. या सज्ज्यांत बसून राणीवशातील स्त्रियांनी खालचा दरबार पाहावा, अशी ती योजना. मी ऐकलेल्या मैफलीत गायिका एक प्रौढ बाई होत्या. त्यांनी पूरियाधनाश्री मांडला, आणि विलंबित ख्यालाच्या पहिल्या दोनतीन आवर्तनांतच असे जाणवले, की कोमल ऋषभावर स्वर ठेवून त्या जराशा थांबल्या, म्हणजे तो स्वर समोरच्या भिंतीपर्यंत जाऊन पुन्हा त्यांच्याकडे परत येतो. आणि तो परत येईपर्यंत त्या वाट पाहतात. तंबोऱ्याच्या जवारीचा नाद त्या पोकळीत भरून राहिला होता. खिडक्यांच्या काचांतले तांबडे-निळे रंग हळूहळू मावळत होते. स्त्रीने ज्या सज्ज्यातून पडद्याआडून ऐकायचे, त्याच सज्ज्याखाली एक स्त्री मध्यभागी बसून गात होती, आणि सगळा पुरुषवर्ग माना खाली घालून ऐकत होता. सयाजीरावांच्या काळातील एखाद्या मानकऱ्याने हे दृश्य पाहिले असते, तर तो काय म्हणाला असता, हा विचार माझ्या मनात येऊन गेला.

परंतु द्रुत बंदिश सुरू झाली आणि ताना येऊ लागल्या, तेव्हा त्याच वास्तूने बाईंशी वैर धरले. संगमरवर, मोझेक आणि काच हे तिन्ही पदार्थ ध्वनी शोषून घेत नाहीत. ते तो परत फेकतात. संथ आलापाला हा गुण उपकारक ठरतो. जलद तानेला मात्र तो मारक होतो, कारण एका स्वराचा प्रतिध्वनी विरण्याच्या आत दुसरा स्वर त्याच्यावर येऊन आदळतो आणि तानेचा दाणा न् दाणा विस्कटतो. पूर्वीच्या काळी हे असे होत नसावे. दरबार भरत असे तेव्हा खाली गाद्या आणि गालिचे अंथरलेले, दारांना जाड पडदे सोडलेले, अंगरख्या-पागोट्यांनी जडावलेली माणसे दाटीवाटीने बसलेली. इतके कापड खोलीत असले म्हणजे आवाजाला आपोआप लगाम बसतो. शिवाय ऐकणारा गवयाच्या हाताच्या अंतरावर. आज त्या ठिकाणी उघड्या फरशीवर ओळीने खुर्च्या मांडलेल्या असतात आणि दोन्ही बाजूंना ध्वनिवर्धकांचे उभे मनोरे असतात. जी वास्तू मुळातच आवाज मोठा करते, तिच्यात यंत्राने आणखी मोठा केलेला आवाज सोडायचा, हा उपद्व्याप कोणाच्या सल्ल्याने सुरू झाला हे कळायला मार्ग नाही. पण हल्ली राजवाडा असो, की नगरपालिकेचे सभागृह असो, सर्वत्र तीच तऱ्हा आहे.

वेळेचेही तसेच. मारवा, पूरिया, श्री, पूरियाधनाश्री हे संधिप्रकाशाचे राग. दिवस मावळतीला लागल्यापासून दिवेलागण होईपर्यंतचा जो तास-दीड तास, तो त्यांचा हक्काचा. जाहिरातीत 'सायंकाल' असे छापलेले असते, आणि प्रत्यक्षात दीपप्रज्वलन, पाहुण्यांचे सत्कार, प्रायोजकांची ओळख आणि वास्तूच्या वैभवावरील भाषण उरकेपर्यंत रात्रीचे आठ वाजतात. मग गवई समंजसपणे यमन किंवा बागेश्री घेतो. मारवा वर्षानुवर्षे राजवाड्याच्या दाराबाहेर ताटकळत राहतो. मी ऐकलेली ती मैफल वेळेवर सुरू झाली, एवढ्याच कारणाने माझ्या वाट्याला पूरियाधनाश्री आला.

पण ध्वनिवर्धक आणि वेळ या तशा किरकोळ तक्रारी झाल्या. मला म्हणायचे आहे ते निराळेच. राजवाड्याकडून संगीताने जे घेतले, त्यात झुंबरांचा वाटा नगण्य होता. खरा वाटा होता तो वाड्याच्या दप्तराचा.

बडोद्याच्या खानगी कारभारात कलावंतांसाठी स्वतंत्र खाते होते. त्याला कलावंत खाते म्हणत. गवई, बीनकार, सारंगिये, तबलजी, शहनाईवाले, नर्तकी, या सर्वांच्या नेमणुका, तनखे, हजेरी, रजा आणि दंड यांचे नियम ठरलेले असत. सयाजीराव हे मोठे शिस्तप्रिय संस्थानिक. नाशिक जिल्ह्यातील कवळाण्याच्या एका शेतकरी घरातून 1875 साली दत्तक म्हणून आलेल्या आणि 1881 साली मुखत्यारी मिळालेल्या या राजाला प्रत्येक गोष्टीचे कलम करण्याची हौस होती, तीतून गाणेही सुटले नाही. आजच्या स्वतंत्र कलावंताला हजेरीपटाची कल्पनाही अपमानास्पद वाटेल, आणि त्या काळातल्या मानी उस्तादांनाही ती वाटलीच असणार. तथापि महिन्याच्या महिन्याला पगार घरात येत होता, आजारी पडल्यास चूल पेटत होती, आणि वर्षातून काही दिवस दरबारात हजेरी लावली, की उरलेला वेळ रियाजाला आणि शागिर्दांना मोकळा होता. गाण्याला मोकळा वेळ लागतो, ही गोष्ट ज्याने पाच वर्षे एक राग घोटला आहे, त्यालाच समजते.

या खात्याने काय उभे केले, ते नुसती नावे घेतली तरी ध्यानात येईल. मौलाबक्ष यांच्या हाती 1886 साली गायनशाळा सोपविण्यात आली. पाठ्यपुस्तके लिहून आणि स्वरलेखन करून गाणे शिकविणारी ती शाळा आज महाराज सयाजीराव विश्वविद्यालयाच्या मंचकला विद्याशाखेच्या रूपाने चालू आहे. सुफी पंथाचा प्रसार पश्चिमेत करणारे इनायत खाँ हे या मौलाबक्षांचे नातू. सयाजीरावांच्या पहिल्या राणीसोबत तंजावरहून ज्या नर्तकी आल्या, त्यांच्यामुळे गुजरातच्या भूमीवर भरतनाट्य रुजले. भास्करबुवा बखले यांचा जन्म बडोदे संस्थानातल्या कठोर गावचा, आणि त्यांच्या तालमीचा एक मोठा टप्पा बडोद्यातच, फैज महंमदखाँ यांच्यापाशी पार पडला. पुढे पुण्याच्या नाट्यसंगीताला आणि मास्टर कृष्णरावांना जे लाभले, त्याचा एक झरा इथून निघतो. 1916 साली पंडित भातखंडे यांच्या पुढाकाराने पहिली अखिल भारतीय संगीत परिषद भरली, तीही बडोद्यातच.

आणि या सर्वांवर कळस म्हणजे फैयाजखाँ. आग्रा घराण्याच्या या सिंहासमान गवयाला म्हैसूर दरबाराने 'आफताब-ए-मौसिकी' हा किताब दिला, पण त्याचे घर बडोद्यालाच राहिले, आणि 1950 साली त्याने देह ठेवला तोही तिथेच. श्रीकृष्ण नारायण रातंजनकर या मुंबईच्या मराठी तरुणाला बडोदे सरकारची शिष्यवृत्ती मिळाली आणि त्याने फैयाजखाँसाहेबांचा गंडा बांधला. हाच तरुण लखनौच्या मॅरिस कॉलेजचा प्राचार्य झाला आणि त्याने गिंडे, भट, नागरकर, कायकिणी अशी शिष्यांची एक सबंध फळी तयार केली. एक तनखा आणि एक शिष्यवृत्ती. संस्थानच्या हिशेबवहीत या दोन रकमा किती लहान दिसत असतील! हत्तीखान्याच्या चाऱ्याचा खर्चही त्यांहून अधिक असेल, असे मला वाटते. मात्र त्या दोन नोंदींमुळे उत्तर हिंदुस्थानातील संगीतशिक्षणाचा नकाशा बदलला.

इतके सांगितल्यावर संस्थानी राजवटीच्या आठवणीने गहिवरून येण्याचा मोह होतो, आणि हल्ली तो पुष्कळांना होतोही. तो मोह आवरावा, यासाठी दोन प्रसंग पुरेत. पहिला बडोद्याचाच. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस किराण्याचे तरुण गवई अब्दुल करीमखाँ या दरबारात चाकरीला होते. सरदार मान्यांच्या कन्या ताराबाई यांना ते गाणे शिकवीत. दोघांचे मन जुळले. आणि मुसलमान गवई व मराठा सरदारकन्या यांच्या विवाहाला त्या नगरीत जागा नसल्यामुळे दोघांनी बडोदे सोडले. त्यांच्या मुलांत सुरेशबाबू माने, हिराबाई बडोदेकर आणि सरस्वती राणे ही नावे निघाली. पुढे ताराबाईंनी मुलांसह खाँसाहेबांचे घर सोडले. ज्या शहराने त्यांच्या आईबापांना थारा दिला नाही, त्याच शहराचे नाव हिराबाईंनी आडनाव म्हणून आयुष्यभर मिरविले, आणि तिकीट लावून जाहीर मैफल करणाऱ्या पहिल्या काही गायिकांत त्यांची गणना झाली. हिराबाईंनी स्त्रीच्या गाण्याला सज्ज्यातून खाली आणले ते राजाच्या हुकमाने नव्हे. बारा-आणे, रुपया मोजून येणाऱ्या सामान्य श्रोत्यांच्या बळावर आणले.

दुसरा प्रसंग मिरजेचा. बाळकृष्णबुवा इचलकरंजीकरांचे शिष्य विष्णु दिगंबर पलुसकर मिरज संस्थानाच्या आश्रयाने शिकत होते. संस्थानिकांच्या कृपेने त्यांना मेजवान्यांना बोलावणे येई. पण गुरूंना ते येत नसे, कारण गुरू म्हणजे गवई आणि गवई म्हणजे नोकर. हा भेद मनाला लागून 1896 साली पलुसकर मिरजेतून बाहेर पडले, असे त्यांच्या चरित्रांत सांगितले जाते. फिरत फिरत ते बडोद्यालाही गेले; तिथे त्यांनी वाड्यात बिऱ्हाड मागितले नाही, राममंदिरात मुक्काम केला. 1901 साली त्यांनी लाहोरला गांधर्व महाविद्यालय काढले, ते लोकांच्या वर्गणीवर आणि स्वतःच्या मैफलींच्या उत्पन्नावर. दरबाराने तनखा दिला, पण कलावंताला पायरीवर बसविले. लोकांनी त्याला मंचावर बसविले, पण महिनाअखेरची शाश्वती मात्र दिली नाही. गेल्या सव्वाशे वर्षांत आपण या दोन तऱ्हांच्या मधे कोठेतरी अडकून पडलो आहोत.

मधल्या काळात काही घडलेच नाही असे नाही. कोल्हापूरच्या शाहू छत्रपतींनी अल्लादियाखाँना आश्रय दिला. 1922 साली छत्रपती गेल्यावर खाँसाहेब मुंबईस आले, आणि शेठ-सावकारांच्या दिवाणखान्यांतून जयपूर घराण्याचे गाणे केसरबाई केरकर, मोगूबाई कुर्डीकर या गोव्याच्या गायिकांपर्यंत जाऊन पोचले. 1949 साली बडोदे संस्थान मुंबई राज्यात विलीन झाले, आणि पुढे 1971 साली संस्थानिकांचे तनखेही बंद झाले. राजाश्रयाची जागा काही काळ आकाशवाणीने घेतली. बाळकृष्ण केसकर हे पुण्याचे गृहस्थ 1952 पासून दहा वर्षे माहिती व नभोवाणी खात्याचे मंत्री होते. त्यांच्या काही निर्णयांनी लोक चिडले, चित्रपटगीतांच्या बाबतीत तर फार चिडले. परंतु आकाशवाणीच्या केंद्रांवर गवई, सारंगिये, तबलजी यांना पगारावर नेमून त्यांनी एका अर्थाने बडोद्याचे कलावंत खाते अवघ्या देशाला लागू केले. पुढे त्या जागा एकामागून एक रिकाम्या होत गेल्या. सारंगियाची जागा रिकामी झाली, तर ती भरावी असे कोणाच्या मनात येत नाही.

एका खाजगी कंपनीने मात्र हे सूत्र उचलले. कलकत्त्याची आयटीसी संगीत रिसर्च अकादमी 1977 साली स्थापन झाली; तिने मान्यवर उस्तादांना राहायला घर आणि दरमहा वेतन दिले आणि त्यांच्या हाताखाली निवडक विद्यार्थी निवासी ठेवले. तिथे गुरू म्हणून आलेले निसार हुसेनखाँ हे एके काळचे बडोद्याचे दरबारी गवई. त्यांच्या बरोबर आलेला त्यांच्या नात्यातला एक पोरगा त्याच आवारात वाढला, शिकला, आणि रशीदखाँ या नावाने देशभर गाजला. 2024 च्या जानेवारीत रशीदखाँ अकाली गेले तेव्हा वर्तमानपत्रांनी त्यांच्या आवाजाविषयी पुष्कळ लिहिले. त्या आवाजामागे सयाजीरावांच्या खात्यातून थेट टॉलीगंजपर्यंत आलेली पगाराची एक साखळी होती, याविषयी कोणी लिहिले नाही.

राजवाड्यातील सायंकालीन मैफल या साखळीपैकी काहीही पुढे नेत नाही. ती कलावंताला एका रात्रीची बिदागी देते. ती घसघशीत असते, हे मान्य. पण ती मिळते कोणाला? ज्याचे नाव आधीच झाले आहे, ज्याच्या छायाचित्रावर तिकिटे खपतात, त्या दहा-वीस जणांना. साथीला बसलेल्या सारंगियाला किती मिळते, हे विचारू नये. आणि ज्याचे वय पस्तीस, ज्याचा आवाज आता कुठे पिकू लागला, ज्याच्या घरी दोन मुले आहेत आणि जो दिवसभर शिकवण्या करून रात्री तंबोरा हाती घेतो, त्याला त्या वाड्याच्या दारात उभे राहण्याचेही कारण पडत नाही. सरकारी मदतही नेमकी त्यालाच चुकविते. केंद्र सरकारची शिष्यवृत्ती कोवळ्या वयातील विद्यार्थ्यांना दोन वर्षे मिळते. राज्य सरकारचे मानधन उतारवयातील कलावंतांना मिळते. आवाज फुटताना थोडेसे आणि आवाज गेल्यावर थोडेसे. मधली वीस-पंचवीस वर्षे, ज्यांत गवई खरोखर गवई होतो, त्या वर्षांचा भार कोणी उचलावा, याविषयी आपल्या सार्वजनिक जीवनात साधी चर्चाही होत नाही.

बडोद्याविषयी आणखी एक गोष्ट सांगितल्यावाचून राहवत नाही, कारण वास्तू जपणे आणि संगीत जपणे यांतील अंतर तिच्याइतके दुसऱ्या कशाने स्पष्ट होत नाही. 2002 सालच्या दंगलीत त्याच शहरातील फैयाजखाँच्या कबरीची नासधूस करण्यात आली. वाड्याची काच फुटली असती, तर देशभर हळहळ झाली असती. बेल्जियमची काच पुन्हा मिळायची कोठे! खाँसाहेबांसारखा गवई कोणत्या देशातून मागवायचा, हा प्रश्न मात्र फार थोड्या लोकांनी विचारला. दरबार हॉलच्या छायाचित्रांच्या प्रती रोज निघतात; त्या कबरीपाशी जाऊन उभे राहणारे रसिक किती निघतील, याचा अंदाज करण्याचे धाडस मला होत नाही.

तेव्हा माझे म्हणणे थोडक्यात असे, की आपल्याला दरबार नको आहे, कलावंत खाते हवे आहे. महाराष्ट्रातील मोठ्या महापालिकांनी आपापल्या अंदाजपत्रकात त्या नावाचे एक स्वतंत्र शीर्षक उघडावे. प्रत्येक शहराने चार-पाच कलावंत, तीस ते पन्नास या वयातले, पाच वर्षांच्या मुदतीने पगारावर नेमावेत. त्यांत एक तरी साथीदार असावा, आणि सारंगिया मिळाला तर त्याला आधी घ्यावे. त्यांनी पालिकेच्या शाळांत आठवड्यातून दोन दिवस शिकवावे, महिन्यातून एक मैफल विनामूल्य करावी, आणि बाकीचा वेळ रियाज करावा. मैफलीला जागा शोधायची गरज नाही. पुण्यात दुसऱ्या बाजीरावाचा विश्रामबागवाडा पालिकेच्याच ताब्यात आहे. त्याच्या दिवाणखान्यात सुरूच्या घाटाचे कोरीव लाकडी खांब आहेत, आणि लाकूड हे संगमरवराइतके उर्मट नसते. शेदीडशे माणसे भारतीय बैठकीत बसवावीत, ध्वनिवर्धक बाहेर ठेवावा, आणि गाणे सूर्यास्ताला सुरू करावे. सत्कार करायचेच असतील, तर गाणे संपल्यावर करावेत, थांबणारे थांबतील.

यावर कोणी म्हणेल, की पालिकेच्या हाती हे काम दिले तर शिफारशींचा सुळसुळाट होईल, नगरसेवकाच्या मेव्हण्याला एकाएकी गळा फुटेल, आणि सर्वांत कमी दराची निविदा भरणाऱ्या गवयाला यमन गाण्याचा कार्यादेश निघेल. ही भीती अगदीच अनाठायी नाही. पण शिफारशी सयाजीरावांच्या दरबारातही चालत असणार. तरीही त्या दरबाराने फैयाजखाँना ओळखले. निवड जाणत्या कलावंतांच्या समितीने करावी, समितीची मुदत ठरलेली असावी, आणि निवडीसाठीचे गाणे बंद खोलीत न होता लोकांसमोर व्हावे. बेसूर माणसाला शंभर श्रोत्यांसमोर रेटून नेणे फारसे सोपे नसते.

दुसरा आक्षेप असा येतो, की रस्ते उखडलेले असताना आणि पाणी एक दिवसाआड येत असताना गवयांवर पैसा कशाला? आक्षेप रास्त आहे; पण तो महोत्सवांच्या वेळी का आठवत नाही, हे कळत नाही. तीन दिवसांचा मांडव, रोषणाई, पाहुण्यांची हॉटेले, विमानभाडी आणि जाहिराती यांवर जो खर्च होतो, त्यातून दोन कलावंतांचा वर्षभराचा पगार सहज निघेल. मांडव तिसऱ्या दिवशी उतरतो. पगारावरचा कलावंत पाचव्या वर्षी आपल्या हाताखाली तयार झालेले विद्यार्थी दाखवू शकतो.

आणि राजवाड्याच्या मालकांनाही एक विनंती. आपल्या वास्तू आपणच जतन केल्या आहेत, त्यांचा खर्च अवाढव्य आहे, तिकिटावाचून तो भागत नाही, हे सर्व खरे. बडोद्याचे रणजितसिंहराव गायकवाड तर स्वतः जाणते गायक आणि चित्रकार होते. त्या घराला गाण्याची कळकळ नाही, असे कोणी म्हणू शकणार नाही. परंतु वाड्यातील प्रत्येक मैफलीच्या उत्पन्नातून एक ठरावीक हिस्सा एखाद्या तरुण गवयाच्या वार्षिक वृत्तीसाठी बाजूला काढला, आणि त्या गवयाचे नाव वाड्याच्या छायाचित्राखाली छापले, तर पूर्वजांच्या दप्तरातील एक जुनी नोंद पुन्हा चालू केल्यासारखे होईल.

येत्या हिवाळ्यात वाचकांपैकी जे कोणी राजवाड्यातील मैफलीला जातील, त्यांनी जरूर जावे. काचा पाहाव्यात, मोझेक पाहावे, सज्जे पाहावेत. फक्त तिकीट काढताना आयोजकांना दोन प्रश्न विचारावेत: गाणे सूर्यास्ताला सुरू होणार आहे काय, आणि साथीदारांना काय देणार आहात? आणि फेब्रुवारीत आपल्या महापालिकेचे अंदाजपत्रक मांडले जाईल, तेव्हा आपल्या प्रभागाच्या नगरसेवकाला तिसरा प्रश्न विचारावा: त्यात कलावंतांच्या पगाराची एक ओळ आहे काय?